वळणावरचं निशाण

शर्यतीच्या सकाळी नवऱ्याच्या पिशवीत बोर्सोक, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, भरता भरता बुरमाकानच्या तोंडाचा पट्टा सुटायचा. गेली तीस वर्षं हे असंच चाललं होतं.

"निघाले लष्कराच्या भाकऱ्या भाजायला! बक्षीस घोडेवाल्यांना, टाळ्या घोडेवाल्यांना, आणि आमचे हे दिवसभर नदीकाठी धूळ खात उभे. घरी येताना खोकला तेवढा कमावून आणतात."

"वळणावर कोणीतरी उभं राहायला नको का?" ओस्मोन बूट चढवत म्हणाला.

"हवं की. ज्याला दिसतं त्यानं राहावं."

हे शेवटचं ती हळूच बोलली. बाहेर अंगणात शारशेन मास्तर येऊन थांबले होते आणि बुरमाकान कितीही फटकळ असली तरी नवऱ्याची झाकली मूठ चारचौघांत उघडणारी बाई नव्हती.

ओस्मोनच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. दोन वर्षांपूर्वी आधी डोंगरावरचं बर्फ दिसेनासं झालं, मग रस्त्यावरून जाणारी माणसं, मग समोर बसलेल्या माणसाचं नाक-तोंड. आता उजेड कळायचा, हालचाल कळायची, रंग थोडेफार कळायचे. बिश्केकला मुलाकडे जाऊन डोळे कापून घ्या, असं बुरमाकान रोज सांगायची. तो म्हणायचा, शर्यती होऊन जाऊ देत. शर्यती झाल्या की म्हणायचा, कोकरं होऊ देत. खरी गोष्ट अशी होती की डोळे कापायला गेलो की गावाला कळेल, आणि कळलं की हातातलं निशाण जाईल, याची त्याला धास्ती होती.

कोच्कोरच्या खोऱ्यात सुगी आटोपली की रेवाल चालीच्या घोड्यांची शर्यत लागते. रेवाल घोडा एका बाजूचे दोन्ही पाय एकदम उचलतो. स्वाराचं अंग हलत नाही, घोडा मात्र वाऱ्यासारखा जातो. गावातून सुटायचं, तीन किलोमीटरवर नदीकाठी रोवलेल्या खांबाला वळसा घालून परत यायचं, असे दोन फेरे. घोडा रेवाल सोडून चौखूर उधळला तर ती चोरी. आणि चोरी करायला वळणासारखी जागा नाही, कारण तिथे गर्दी नसते, नुसती धूळ असते. म्हणून वळणावर उधळलेल्या घोड्याला माफी नव्हती. लाल निशाण वर झालं की तो घोडा तिथेच बाद.

ही सगळी उस्तवार गावकरीच करत. कोणी दोर बांधी, कोणी पाठीवरचे नंबर शिवी, कोणी दमलेल्या घोड्यांना फिरवून त्यांचा घाम जिरवी. कोणाला दमडी मिळत नसे आणि कोणी मागतही नसे. पण वळणावर उभं राहायला कोणी तयार नसायचं. तिथे ना चहा, ना गाणी, ना गप्पा. ती जागा ओस्मोनने मागून घेतली होती. तीस वर्षांत त्याच्या निशाणावर कोणी वाद घातला नव्हता. घालताच येत नसे. निशाणवाला म्हणजे कालिस, कोणाच्याही बाजूचा नसलेला माणूस. त्याचा शब्द फिरवायचा तर त्यानंच फिरवायचा, दुसऱ्या कोणी नाही, अशी रीत होती.

डोळे गेल्यावर त्यानं एक युक्ती काढली होती. शारशेन मास्तर गावाच्या शाळेतून निवृत्त झालेले, नंबर लिहायला त्याच्याबरोबर असायचे. ते मोठ्यानं नंबर वाचायचे आणि ओस्मोन कान लावून टापा ऐकायचा. रेवालीच्या टापा एकसारख्या पडतात, चौखूर धावणीच्या तुटक. जन्मभर घोड्यांत वावरलेल्या माणसाला एवढं कळायला डोळे लागत नाहीत. मागच्या वर्षी त्यानं असे दोन घोडे बाद केले होते आणि दोन्ही बरोबर निघाले. त्यामुळे त्याला वाटू लागलं होतं की आपलं भागतंय.

त्या दिवशी सुटायच्या जागेवर आइसालकिन आपली घोडी घेऊन त्याच्याजवळ आली. आइसालकिन ही सागिनची मुलगी. सागिन म्हणजे ओस्मोनचा बाळपणापासूनचा जिवलग, तीन वर्षांपूर्वी छातीत कळ येऊन गेला. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून मुलगी माहेरी परतली होती, आणि बापामागे त्याची घोडी तिनंच सांभाळली होती. घोडीचं नाव कार्लिगाच, म्हणजे पाकोळी. तशीच होती ती, गडद तपकिरी अंगाची, एक मागचा पाय पांढरा. तिचा जन्म झाला त्या पहाटे ओलं शिंगरू कोटात गुंडाळून घेणारा ओस्मोनच होता.

"आबा, हात ठेवा हिच्यावर," ती म्हणाली.

ओस्मोनने घोडीच्या आयाळीत बोटं घातली. घोडी त्याच्या खांद्याला नाक घासू लागली.

"घाबरली नाही ना?"

"ती कशाला घाबरेल? मीच घाबरलेय."

मागून तिचा भाऊ तालायबेक आला. माणूस वाईट नव्हता, पण घरात पाच खाणारी तोंडं होती आणि जीभ जरा तिखट होती. "आबा, तुम्हीच सांगा हिला. बारा वर्षांची घोडी, दोन वर्षं गाभण जात नाही. असं जनावर लोक हिवाळ्याच्या बेगमीला कापतात. मी काही जगावेगळं बोलतोय का?"

"घोडेवाल्या इमानालीनं शब्द दिलाय," आइसालकिन म्हणाली.

"दिलाय ना! पहिल्या तिघांत आली तर तो स्वतःच्या स्वारीला नेईल आणि बदल्यात सोगुमसाठी, हिवाळ्याच्या मांसासाठी, जाडजूड घोडा देईल. मी कुठे नाही म्हणतोय? आली तर जगली. नाही आली तर चूल आहेच."

"दादा, तुझ्या जिभेला काही हाड?"

"हाड घोडीला आहे, सूप चांगलं होईल," तालायबेक म्हणाला आणि आपल्याच विनोदावर हसत निघून गेला.

ओस्मोनने आयाळीतला हात काढला नव्हता. मनातल्या मनात त्यानं अल्लाहकडे मागणं मागितलं, एवढी एक घोडी येऊ दे. कालिस माणसानं असं मागायचं नसतं, हे त्याला ठाऊक होतं. तरी मागितलं.

पहिला फेरा सुरळीत गेला. अकरा घोडे वळले, मास्तरांनी अकरा नंबर वाचले, ओस्मोनने अकरा चाली ऐकल्या. कार्लिगाच पाचवी होती. ती जाताना ओस्मोनला तिच्या टापा वेगळ्या ओळखू आल्या, आपल्या घराच्या कडीचा आवाज ओळखावा तशा.

दुसऱ्या फेऱ्याला मास्तर ओरडले, "एक नंबर एकटा! मागे चार आणि नऊ, अगदी बरोबरीनं! बाकीचे लांब आहेत!"

चार म्हणजे कार्लिगाच. दुसऱ्या-तिसऱ्या जागेवर! पहिला घोडा वळून गेला. मग धुळीचा एक लोट आला, त्यात दोन काळसर आकार, आणि टापा. एकसारख्या टापांत अचानक तुटक टापा मिसळल्या. कोणीतरी वळण कापायला घोड्याला टाच मारली होती. आठ-दहा ढांगा, बस. मग परत दोन्हीकडून एकसारखी चाल.

"उधळला!" मास्तर कागदावरून डोकं वर काढत म्हणाले. "आवाज आला मला. कोण होता आबा?"

ओस्मोनच्या जिभेवर 'नऊ' आलं होतं. कार्लिगाचची चाल तुटली नव्हती, त्याच्या कानांनी सांगितलं होतं. पण त्याच क्षणी त्याला स्वतःचाच संशय आला. हे कानांनी ऐकलं, की मनानं? सकाळी तिच्या आयाळीत हात घालून मागणं मागणारा मीच ना? ज्या म्हाताऱ्याकडून हे निशाण त्याच्याकडे आलं होतं, त्यानं एकच गोष्ट शिकवली होती: मन आपल्या माणसाकडे ओढतंय असं वाटलं, तर तोल दुसऱ्या बाजूला टाक. डोळे असते तर तोल टाकायची वेळच आली नसती. दिसलं ते सांगितलं असतं.

"आबा? कोण?"

"चार," ओस्मोन म्हणाला, आणि त्यानं लाल निशाण वर केलं.

आइसालकिन पन्नास पावलांवर थांबली. घोडीवरून उतरून लगाम धरून परत आली. तिचा श्वास लागला होता.

"मी, आबा?"

"चार नंबर."

"तुम्ही बघितलंत?"

ओस्मोनला अजून वेळ होता. 'नाही' म्हणायला एवढासा श्वास पुरतो. पण तीस वर्षं, मास्तरांसमोर, हातात निशाण.

"बघितलं," तो म्हणाला.

ती "बरं" म्हणाली आणि घोडीला नदीच्या काठानं चालवत घेऊन गेली. तीन किलोमीटर ती पाठीवर बसली नाही.

संध्याकाळी मास्तर घरी आले. चहाचे दोन वाडगे झाले, गवताच्या भावावर बोलणं झालं, तरी उठेनात. शेवटी म्हणाले, "आबा, घोड्यांमागून येणाऱ्या जीपमधून कोणीतरी व्हिडिओ काढलाय. गावभर फिरतोय."

"फिरू दे."

"एकदा नजर टाका. मी काही म्हणत नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणून म्हटलं." त्यांनी फोन पुढे केला. ओस्मोनला एक उजळ चौकोन दिसला आणि त्यात काहीतरी हललं.

"फोनमध्ये धूळ दिसते मास्तर, घोडा नाही दिसत. फोन बघून निशाण फिरवायला लागलो तर उद्या फोनलाच उभं करा वळणावर."

"तसं नाही हो. धुळीत माणसाची चूक होते. मी म्हणेन, मीच नंबर उलटा वाचला. तुमच्यावर काही येणार नाही. तुम्ही फक्त शब्द मागे घ्या."

"तुम्ही चूक केली नाही तर खोटं कशाला बोलता?"

मास्तर फोन खिशात घालून उठले. दारापर्यंत पोचवायला गेलेल्या बुरमाकानला ते काय म्हणाले कोण जाणे, पण ती आत आली ती बोललीच नाही. तीस वर्षांत पहिल्यांदाच ती शर्यतीच्या दिवशी गप्प झोपली. आपण भलताच घोडा बाद केला, हे ओस्मोनला त्या रात्री कळून चुकलं होतं. फक्त कळलेलं कबूल करायला जी छाती लागते ती त्याच्याकडे नव्हती. पुढच्या आठवड्यात सांगू, असं त्यानं ठरवलं. मग त्याच्या पुढच्या.

पुढल्या दिवसांत आइसालकिन तीन-चारदा येऊन गेली. एकदा दह्याचं भांडं घेऊन आली. एकदा चाळणी मागायला आली. आली की कोपऱ्यात बसायची, चहा प्यायची, हवापाण्याचं बोलायची. घोडीचं नाव काढायची नाही. ओस्मोनही काढायचा नाही. ती बसलेली असेपर्यंत त्याच्या कपाळावर घाम असायचा, आणि ती उठून गेली की त्याला सुटल्यासारखं व्हायचं. मग सुटल्यासारखं वाटलं याची लाज वाटायची.

नोव्हेंबरच्या शेवटी त्यानं चहाचा उकळता वाडगा चटईवर समजून स्वतःच्या मांडीवर ठेवला, तेव्हा बुरमाकानने मुलाला फोन लावला आणि त्याला गाडीत कोंबलं. बिश्केकच्या दवाखान्यात आधी एक डोळा झाला, दोन आठवड्यांनी दुसरा. पट्टी सुटली तेव्हा आधी त्याला स्वतःचे हात दिसले. एवढे म्हातारे हात कोणाचे, असं त्याला वाटलं.

मुलाच्या घरी सून हौशी होती. सासऱ्याला सगळं दिसायला लागलं म्हणून तिला कोण आनंद झाला होता. "आबा, तुम्हाला गंमत दाखवू? तुम्ही मोबाइलमध्ये आहात! शर्यतीचा व्हिडिओ आहे, आमच्याकडेसुद्धा आला होता. बघा ना, हातात निशाण, किती रुबाबदार दिसताय!"

तिनं फोन त्याच्या हातात दिला. ओस्मोनने पाहिलं. धूळ होती, पण इतकी नव्हती. डावीकडे करडा घोडा, पाठीवर नऊ. त्याचे चारही पाय हवेत. उजवीकडे कार्लिगाच. तिचे एका बाजूचे पाय एकदम, मग दुसऱ्या बाजूचे. मागचा पांढरा पाय तालात उठत होता, पडत होता. आइसालकिन पाण्याचा वाडगा डोक्यावर ठेवल्यासारखी स्थिर बसली होती. आणि एक म्हातारा त्यांच्याकडे न बघता, धुळीच्या दुसऱ्याच बाजूला तोंड करून, लाल निशाण उचलत होता.

"परत लाव," तो म्हणाला. सुनेनं परत लावला. सातव्यांदा लावायला सांगितलं तेव्हा ती घाबरली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो कोच्कोरच्या गाडीत बसला. डॉक्टर नको म्हणाला होता, मुलगा रागावला होता. रस्ताभर तो मनात वाक्यं जुळवत होता. आधी आयोजकांकडे जायचं, की तालायबेककडे? तालायबेककडे. इमानालीला निरोप पाठवायचा. बाद केलेलं मागे घेतलं तर घोडी दुसरी-तिसरी ठरते, म्हणजे त्याला शब्द पाळावाच लागेल. अजून डिसेंबर निम्मा आहे. लोक सोगुम कापतात ते थंडी पक्की बसल्यावर. उशीर झालेला नाही, असं तो स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होता.

दुपारी गाडीतून उतरून तो घरी न जाता थेट सागिनच्या अंगणात गेला. बर्फावर ऊन पडलं होतं, सगळं लख्ख दिसत होतं. कुंपणावर एक कातडं वाळत टाकलं होतं, गडद तपकिरी. त्याच्या एका टोकाला पांढरा पट्टा होता.

तो तिथेच उभा राहिला. तालायबेक दारात आला. "अरे, आबा! बघा, नशीबवान माणूस! बरोबर वेळेला आलात. कालच कापली, आज शेजाऱ्यांना बोलावलंय. चला आत, तुमची जागा रिकामीच आहे."

त्याला वरच्या मानाच्या जागेवर बसवलं. खोलीत दहा-बारा माणसं होती, मास्तरही होते. मास्तरांनी मान खाली घातली. आइसालकिन हात धुवायचं पाणी घेऊन आली, आणि रीतीप्रमाणे आधी सगळ्यांत मोठ्याकडे, त्याच्याकडे आली. तिचा चेहरा त्याला दोन वर्षांत पहिल्यांदा नीट दिसला. हुबेहूब सागिन.

त्यानं हात पुढे केले नाहीत.

"मी माझा शब्द मागे घेतो," तो मोठ्यानं म्हणाला. "शर्यतीत उधळला तो नऊ होता. चारची चाल तुटली नव्हती. मला दिसलं नव्हतं. मला दोन वर्षं दिसतच नव्हतं, आणि मी बघितलं म्हणून सांगितलं."

चुलीवर कढई रटरटत होती.

"जाऊ द्या आबा," तालायबेक शेवटी म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "आता शब्द मागे घेऊन काय, कढईतली घोडी उठून उभी राहणार आहे?" कोणी हसलं नाही, तोही हसला नाही.

"मला माहीत होतं आबा," आइसालकिन म्हणाली. "वळणावर मी तुम्हाला विचारलं, तेव्हा तुम्ही बघितलं म्हणालात, पण घोडीकडे तोंड करून. मी दुसऱ्या बाजूला उभी होते. तेव्हाच कळलं."

"मग बोलली का नाहीस गं? मास्तरांना सांगायचंस. पंचांना सांगायचंस."

"निशाण तुमचं होतं. तुमच्याआधी मी बोलले असते तर तुम्हाला परत कोणी तिथं उभं केलं असतं का? वडील गेल्यावर मला तुम्हीच उरला होतात." ती तांब्या धरून तशीच उभी होती. "म्हणून तर येत होते तुमच्याकडे. म्हटलं आज सांगतील, उद्या सांगतील. चाळणी मागायला आले होते ना, आमच्याकडे चाळण्या दोन आहेत. दादाला मी तीनदा थांबवलं. बर्फ पडू दे म्हटलं. मग म्हटलं अजून थंडी वाढू दे. मग म्हटलं आबा बिश्केकहून येऊ देत. दवाखान्यात दुसरा डोळा व्हायचाय असं कळलं, तेव्हा दादा म्हणाला, अजून किती दिवस? माझ्याकडे सांगायला काही उरलं नव्हतं आबा."

ओस्मोनचे नवे डोळे भरून आले, आणि डॉक्टरने रडायला बंदी केली आहे हे त्याच्या ध्यानातही राहिलं नाही.

"हात," ती म्हणाली.

त्यानं हात पुढे केले. तिनं त्यावर पाणी घातलं, पुसायला पंचा दिला आणि पुढच्या माणसाकडे गेली. मग परात आली. सगळ्यांत मोठा म्हणून पहिला, मानाचा तुकडा तालायबेकने ओस्मोनच्या पुढ्यात ठेवला. तो वाटा परत करायची रीत नाही, आणि नको म्हणायचं तोंडही त्याला राहिलं नव्हतं. सगळे त्याच्या पहिल्या घासाची वाट बघत थांबले होते. त्यानं तुकडा उचलला आणि सगळा खाल्ला.